शुभारंभ झाला, पुढे काय? मुंबईतल्या लहान नाट्यसंस्थांनो, या चुका टाळा

मुंबईत लहान नाट्यसंस्था बंद पडते ती वाईट नाटकामुळे, असं क्वचितच दिसतं. नाटक बहुतेक वेळा बरं असतं, कधी कधी तर फार चांगलं असतं. पहिला प्रयोग दणक्यात होतो, ओळखीचे सगळे येऊन मिठ्या मारून जातात, फेसबुकवर चार दिवस कौतुक चालतं. मग चौथ्या प्रयोगाच्या सुमाराला गाडी अडते. तारीख मिळत नाही, मुख्य नटाला मालिका मिळते, नेपथ्य कोणाच्या तरी सोसायटीच्या जिन्याखाली पडून राहतं आणि सेक्रेटरी तक्रार करायला लागतो. या सगळ्याचं मूळ एकच आहे. आपलं नियोजन शुभारंभाच्या प्रयोगापर्यंतच असतं आणि त्यापुढच्या दिवसांचं कोणी काही ठरवलेलंच नसतं.

हे लिहितोय ते सोसायटी, ट्रस्ट किंवा सेक्शन ८ कंपनी म्हणून नोंदलेल्या, नफा वाटून न घेणाऱ्या प्रायोगिक आणि हौशी संस्थांसाठी. व्यावसायिक निर्मात्याचं गणित निराळं आणि त्याची दुखणीही निराळी.

एका प्रयोगाचा हिशेब न मांडणं

निर्मितीचा खर्च सगळे काढतात. नेपथ्य एवढं, कपडे एवढे, संगीत एवढं. प्रत्येक प्रयोगाला किती लागतात आणि किती येतात, हे मात्र बहुतेकांनी कागदावर लिहिलेलं नसतं. एक उदाहरण घेऊ. आकडे कल्पित आहेत, तिथे तुमचे घाला.

समजा १०० खुर्च्यांची जागा आहे आणि तिकीट ३०० रुपये. ऑनलाइन बुकिंगवाले १० टक्के कापतात, म्हणजे तिकिटामागे हातात येतात २७० रुपये. खर्चाची बाजू: जागेचं भाडं ८,०००, लाइटचं भाडं ४,०००, टेम्पो ३,०००, आठ नटांच्या नाइट (प्रयोगामागचं मानधन) प्रत्येकी ५०० प्रमाणे ४,०००, बॅकस्टेजच्या तिघांचे १,५००, लेखकाचं मानधन १,०००, चहा-नाश्ता १,५००. बेरीज २३,०००. म्हणजे खर्च भरून निघायला ८६ तिकिटं विकली गेली पाहिजेत. विकली गेलेली, पासवर आलेली नव्हेत. प्रत्यक्षात ५५ विकली गेली तर १४,८५० रुपये येतात आणि त्या रात्री ८,१५० रुपयांचा खड्डा पडतो. बरं, पूर्ण हाउसफुल झालं तरी उरतात ४,०००. निर्मितीला दीड लाख घातले असतील तर ते वसूल व्हायला ३८ हाउसफुल लागतील.

हा हिशेब पाहून खचायचं कारण नाही. त्यातून कळतं ते एवढंच की 'प्रयोग लागत राहिले की पैसे सुटतील' हे वाक्य अशा संस्थेत खरं नसतं. ५५ तिकिटांवर प्रयोग जितके जास्त, तितका तोटा जास्त. म्हणून देणगी मागताना निर्मितीसाठी एकरकमी मागण्यापेक्षा प्रयोगामागची तूट दाखवून मागा. 'आमच्या दहा प्रयोगांची तूट ८०,००० आहे, त्यातल्या दोन प्रयोगांची तुम्ही उचलाल का?' असं विचारलं की समोरच्यालाही आपण नक्की काय देतोय ते समजतं.

तिकिटाबद्दल आणखी एक. नाटकाचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही. त्याच्या वर गेलं की ते करपात्र होतं. लहान संस्थेची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेत, म्हणजे सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर हा प्रश्न सहसा येत नाही. नोंदणी असलेल्या संस्थेनं मात्र पहिल्या दोन रांगा ६०० रुपयांना लावण्याआधी विचार करावा.

आणि पास. कोणालाच पास देऊ नका असं मी म्हणणार नाही, मराठी नाटकात ते जमायचंही नाही. पण पासांची संख्या प्रयोगाआधी ठरवा, एकाच माणसाच्या हाती ठेवा आणि ती लिहून ठेवा. नाहीतर नाट्यगृह भरलेलं दिसतं, गल्ला रिकामा राहतो, आणि पुढच्या प्रयोगाची तारीख घेताना त्या भरलेल्या खुर्च्यांवर विश्वास ठेवला जातो.

तिसऱ्या प्रयोगाला माणसं येत नाहीत

पहिल्या प्रयोगाला नातेवाईक येतात, दुसऱ्याला पहिला चुकलेले नातेवाईक. तिसऱ्याला खरा प्रेक्षक लागतो आणि तो आपण जमवलेलाच नसतो. इथे बहुतेक संस्था पोस्टर बदलतात किंवा इन्स्टाग्रामवर पैसे घालतात. आधी दुखणं कुठे आहे ते पाहा.

पाहून गेलेले लोक दुसऱ्याला सांगत नसतील, तर ती नाटकाची गोष्ट आहे. संहितेकडे परत जा. सांगतात, पण ऐकणाऱ्याला पुढचा प्रयोग कधी ते कळत नसेल, तर चूक तुमची. 'पुढील प्रयोग लवकरच' ही ओळ कायमची काढून टाका. शुभारंभाच्या दिवशी पुढच्या तीन प्रयोगांच्या तारखा हातात असल्या पाहिजेत आणि पडदा पडल्यावर त्या रंगमंचावरून सांगितल्या गेल्या पाहिजेत. तारखा नसतील तर शुभारंभ पुढे ढकला. हा सल्ला कोणालाच आवडत नाही, हे मला ठाऊक आहे.

तिसरी शक्यता अशी की लोकांना यायचं असतं, पण येता येत नाही. मुंबईत ही सगळ्यात जास्त आढळते आणि तिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. रविवारी मेगाब्लॉक असतो. हार्बरवर ब्लॉक असताना चेंबूर-वाशीच्या प्रेक्षकाला माटुंग्याला दुपारच्या प्रयोगाला बोलावणं म्हणजे त्याची परीक्षा घेणं. रात्री साडेआठला सुरू होणारं दोन अंकी नाटक अकराला सुटलं तर डोंबिवलीचा माणूस दुसऱ्या अंकात घड्याळ बघतो, आणि एकटी आलेली बाई मध्यंतरातच निघते. जुलैत हिंदमाताला पाणी भरलं की दादर-परळच्या प्रयोगांचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. तारीख घेताना ही यादी समोर ठेवा: बोर्डाच्या परीक्षा, मे महिन्यात गावी जाणारे, गणपती, नवरात्र, दिवाळीचा आठवडा. भारताची क्रिकेट मॅचही त्यात घाला, उगाच मानी होऊ नका.

प्रेक्षकाचा नंबर घेणं हे काम फुकट आहे आणि तरीही होत नाही. बुकिंग पोर्टलवरून तिकीट घेणाऱ्याची माहिती सहसा तुमच्या हाती येत नाही. म्हणून दारात एक वही ठेवा किंवा क्यूआर लावा, विचारून नंबर घ्या आणि महिन्यातून एकदाच संदेश पाठवा. रोज 'शुभ सकाळ'च्या शेजारी नाटकाचं पोस्टर आलं की लोक ग्रुप सोडतात. ३०० माणसांची अशी यादी, जिच्यातली माणसं एकदा स्वतः पैसे देऊन आली आहेत, ती हजारो फॉलोअरपेक्षा जास्त खुर्च्या भरते.

एकाच जागेवर विसंबणं

प्रायोगिक नाटकाची मुंबईतली गोष्ट ही बरीचशी जागांची गोष्ट आहे. १९७१ मध्ये आविष्कार ही प्रायोगिक नाट्यसंस्था सुरू झाली आणि १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये प्रयोग होऊ लागले. ती जागा नाट्यगृह म्हणून बांधलेली नव्हतीच. प्रेक्षक खाली बसायचे, लाइटची मर्यादा होती, बाहेरचा गोंगाट आत यायचा. तरी तिथे एक पिढी घडली, कारण नाटक कोणतं आहे हे माहीत नसतानाही माणूस तिथे जायचा. काही ना काही पाहायला मिळणार याची खात्री असायची. पुढे छबिलदास सुटलं आणि आविष्कारला माहीमच्या महापालिका शाळेत घर करावं लागलं.

यातून दोन गोष्टी घ्या. एक, ठरलेली जागा आणि ठरलेला दिवस प्रेक्षक घडवतो. दर महिन्याचा दुसरा शनिवार एकाच हॉलमध्ये धरणं हे शहरभर सहा ठिकाणी एकेक प्रयोग करण्यापेक्षा चांगलं. दोन, जागा आपली नसते. ट्रस्टी बदलतात, इमारत पुनर्विकासाला जाते, शेजारी आवाजाची तक्रार करतात. 'आपला माणूस आहे तिथे' या भरवशावर वर्षाचं वेळापत्रक बांधू नका. एका पानाचं का होईना, पत्र घ्या: कोणत्या तारखा, किती वाजल्यापासून, भाडं काय, वीज वेगळी का, प्रयोग रद्द झाला तर अनामत परत मिळणार का.

नेपथ्यही जागेच्या हिशेबानंच करावं लागतं. जुहूच्या पृथ्वी थिएटरसारख्या, तीन बाजूंनी प्रेक्षक बसणाऱ्या मंचासाठी केलेला सेट शिवाजी मंदिरच्या चौकटीत हरवतो, आणि माटुंग्याच्या यशवंत नाट्यमंदिरासाठी केलेला सेट अंधेरीच्या स्टुडिओच्या दारातून आतच जात नाही. नेपथ्यकाराशी पहिल्याच बैठकीत तीन मापं ठरवा: तुम्ही जाऊ शकाल अशा सर्वांत लहान जागेच्या दाराची रुंदी, तिथली छताची उंची आणि एका टेम्पोत मावणारं सामान. दुसरा टेम्पो लागला की प्रयोगाचं गणित मोडलंच, वरचा हिशेब पुन्हा बघा. सामान कुठे ठेवणार हे विचारल्याशिवाय सुताराला पैसे देऊ नका.

संहितेचे हक्क आणि सेन्सॉर

'लेखक आपलाच आहे, तो काही म्हणणार नाही.' म्हणतो. नाटक चाललं की म्हणतो, आणि त्याचं म्हणणं बरोबर असतं. तालमी सुरू होण्याआधी एक पत्र करा: किती प्रयोगांसाठी किंवा किती वर्षांसाठी हक्क, प्रयोगामागे मानधन किती, बदल करायचे तर कोणाला विचारायचं, चित्रीकरण करून इंटरनेटवर टाकायला परवानगी आहे की नाही. शेवटचा मुद्दा हमखास राहतो.

जुन्या नाटकांबाबत गोंधळ फार. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात आणि ती मोजायची मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून. राम गणेश गडकरी १९१९ मध्ये गेले, त्यांची नाटकं केव्हाच खुली झाली. अत्रे १९६९ मध्ये गेले, म्हणजे २०२९ संपेपर्यंत वारसांची परवानगी हवी. तेंडुलकर गेले २००८ मध्ये. तिथे अजून बरीच दशकं जायची आहेत. अनुवादित नाटक असेल तर मूळ लेखक आणि अनुवादक अशा दोन परवानग्या लागतात. मूळ लेखक जुना झाला म्हणून अनुवादही जुना झाला असं नसतं.

हौशी मंडळानं तिकीट न लावता प्रयोग केला तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सवलत आहे. तिचा अर्थ लोक सोयीनं ताणतात. 'स्वेच्छा देणगी २०० रुपये' अशी पाटी दाराशी लावली की तो प्रेक्षक फुकटचा राहिला असं म्हणणं अवघड आहे.

गाण्यांचंही तसंच. प्रसंग रंगवायला जुनं सिनेगीत वाजवता तेव्हा गीत-संगीताचे हक्क एकाकडे आणि ध्वनिमुद्रणाचे दुसऱ्याकडे असू शकतात. लहान संस्थेला सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे ओळखीच्या संगीतकाराकडून चार तुकडे नव्यानं करून घेणं, आणि ते वापरायची लेखी संमती घेणं.

महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. बोलीभाषेत आपण त्याला सेन्सॉरच म्हणतो. या व्यवस्थेबद्दल तुमचं मत काहीही असो (माझंही आहे), प्रयोगाच्या आठवड्यात ते मत मांडून उपयोग नसतो. इथली नेहमीची चूक वेळेची: तालमीत संहिता शेवटपर्यंत बदलत राहते, म्हणून ती पाठवायलाच उशीर होतो. मसुदा स्थिर झाला की लगेच पाठवा. नंतर मोठे बदल केलेत, नाव बदललंत, तर तेही कळवावं लागेल हे धरून चाला. प्रमाणपत्राची मूळ प्रत संस्थेच्या फायलीत राहू द्या. दिग्दर्शकाच्या झोळीत ती हरवते.

एक नट गेला की नाटक गेलं

मालिकेचं बोलावणं आलं की नट जाणारच. त्याचं घर त्यावर चालतं, तुमच्या ५०० रुपयांच्या नाइटवर चालत नाही. रागावण्यात अर्थ नाही, तयारी ठेवण्यात आहे.

तयारी म्हणजे प्रॉम्प्ट कॉपी. संहितेची एक प्रत, जिच्यात प्रत्येक हालचाल, लाइटचा प्रत्येक क्यू, संगीताचा प्रत्येक क्यू पेन्सिलीनं लिहिलेला आहे, आणि जी रंगीत तालमीनंतर अद्ययावत केली आहे. लहान संस्थांत हे सगळं दिग्दर्शकाच्या डोक्यात असतं. लाइट करणारा एका मोठ्या नाटकाच्या दौऱ्यावर गेला की त्याच्या जागी आलेला मुलगा दुपारी तीनला विचारतो, 'दादा, लाइटचा प्लॉट कुठंय?' आणि तेव्हा कळतं की प्लॉट कुठेच नाही. संगीताच्या फायली ऑपरेटरच्या लॅपटॉपवर असतात आणि लॅपटॉप त्याच्याबरोबर नाशिकला असतो. फायली क्रमांक घालून पेनड्राइव्हवर आणि संस्थेच्या ड्राइव्हवर ठेवा. साध्या कॅमेऱ्यानं, मागून, पूर्ण मंच दिसेल असं एका प्रयोगाचं चित्रीकरण करा. ते दाखवण्यासाठी नाही, रिप्लेसमेंटला शिकवण्यासाठी आहे.

मुख्य दोन भूमिकांना पर्यायी नट पहिल्या वाचनापासून बसवता आला तर उत्तम. जमत नसेल तर निदान लहान भूमिका करणाऱ्यांपैकी कोण कुठे सरकू शकेल हे ठरवून ठेवा. आणि तालीम सुरू होतानाच प्रत्येकाकडून पुढच्या चार महिन्यांत तो कदाचित अडकेल अशा, नक्की नसलेल्या तारखा घ्या. लोक नक्की तारखा सांगतात, नक्की नसलेल्या सांगत नाहीत, आणि घात तिथेच होतो.

संस्थेचे पैसे कोणाच्या तरी फोनवर

दारात क्यूआर लावलेला असतो आणि पैसे जातात खजिनदाराच्या बचत खात्यात. त्याच्या मनात काही नसतं. पण वर्षाअखेरीला ती रक्कम त्याचं उत्पन्न दिसते, संस्थेच्या पुस्तकात दिसत नाही, आणि एखाद्या भांडणाच्या दिवशी 'तू खाल्लेस' हा आरोप खोडून काढायला कोणाकडे कागद नसतो. संस्थेचं खातं, संस्थेचाच क्यूआर, दोन सह्या. हे आजच करा, वाचून झाल्यावर लगेच.

दुसरी सवय अध्यक्षांची: अडलं की खिशातून घालायचे. यात एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली विश्वस्तांनी संस्थेसाठी कर्ज काढायचं तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. त्यामुळे ताळेबंदात 'अध्यक्षांकडून उसने' असं लिहिलेलं दिसलं की लेखापरीक्षक भुवया उंचावतो. खिशातून घातलेत तर एक तर ती देणगी समजून पावती फाडा, किंवा बिलं जोडून केलेल्या खर्चाची परतफेड म्हणून व्हाउचर करा. उलट दिशेलाही तेच. संस्थापकच दिग्दर्शक असेल आणि मानधन घेत असेल तर घेऊ दे, पण ते वाजवी असावं, ठराव इतरांनी केलेला असावा आणि ठरावाच्या वेळी तो खोलीबाहेर असावा.

देणग्यांकडे येऊ. प्राप्तिकराचा १९६१ चा कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले, तरी सगळे अजून '१२ए' (संस्थेला करसवलत देणारी नोंदणी) आणि '८०जी' (देणगीदाराला करसवलत देणारी) असंच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. या नोंदण्या कायमच्या नसतात. मुदत संपण्याची तारीख भिंतीवर लिहा; मुदत संपल्यावर दिलेली ८०जीची पावती देणगीदाराला अडचणीत आणते आणि तो पुन्हा तुमच्या दारात येत नाही. २,००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीवर त्याला सवलत मिळत नाही, तेव्हा 'कॅश दिली तरी चालेल' म्हणू नका. कंपनीच्या सीएसआरमधून (सामाजिक जबाबदारीच्या निधीतून) पैसे हवे असतील तर कला आणि संस्कृती त्या यादीत बसते, पण सीएसआर-१ नोंदणी आधी लागते.

प्रायोजक आणि देणगीदार यांची सरमिसळ ही आणखी एक नेहमीची चूक. पत्रिकेवर आभार म्हणून नाव छापलं तर ती देणगी राहते. मध्यंतरात त्यांच्या पतपेढीची योजना माइकवरून सांगितली की ती जाहिरात झाली, तिचा कर आणि हिशेब वेगळा. शिवाय धर्मादाय संस्थेची व्यापारी स्वरूपाची कमाई एका मर्यादेपलीकडे गेली की करसवलतच धोक्यात येऊ शकते. कला-संस्कृतीच्या संस्थांना सहसा ज्या सदरात धरतात तिथे ही मर्यादा एकूण जमेच्या २० टक्के आहे. कंपन्यांसाठी वर्कशॉप करून नाटक पोसायचा बेत असेल, तर आधी सनदी लेखापालासमोर (सीए) बसा.

परदेशातली देणगी हा तर सापळाच. तुमचा जुना मित्र न्यू जर्सीला असतो, नाटकावर जीव आहे, हजार डॉलर पाठवतो म्हणतो. त्याचा पासपोर्ट भारतीय असेल आणि तो स्वतःच्या कमाईतून नेहमीच्या बँकेमार्फत देत असेल, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. त्यानं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर धरली जाते, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असलं तरीही. मग एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि रक्कम दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेतल्या खात्यातच यावी लागते. नोंदणी नसेल तर नम्रपणे नको म्हणा. त्याला म्हणावं, डिसेंबरात येशील तेव्हा प्रयोगाला ये आणि तिकीट काढ.

सरकारी अनुदानाबद्दल थोडक्यात: मंजुरीचं पत्र म्हणजे पैसे नव्हेत. रक्कम हप्त्यानं येते, उशिरा येते आणि उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) दिल्याशिवाय पुढचा हप्ता येत नाही. अनुदान मिळणार म्हणून सुताराला शब्द देऊ नका. बिलं संस्थेच्या नावावर घ्या. कपडेपटाच्या खरेदीला गेलेली मुलगी स्वतःच्या नावानं बिल आणते आणि ते बाद होतं.

विश्वस्त कोण आहेत, हे कोणालाच माहीत नसणं

सोसायटी नोंदवायला सात जण लागले होते. त्यातले दोघे आता पुण्यात, एक कॅनडात, एक वारले, एकाशी बोलणं नाही. धर्मादाय आयुक्तांच्या नोंदीत मात्र अजून तेच सात आहेत. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तो दिलेला नसेल तर बँक सही बदलून देत नाही, अनुदानाचा अर्ज अडतो, आणि ज्यांच्याशी बोलणं नाही त्यांच्याच सहीसाठी शेवटी फोन करावा लागतो.

अडकलाच असाल तर क्रम असा ठेवा. आधी नोंदीचा उतारा काढून आज कागदोपत्री कोण आहे ते पाहा. संस्थेच्या घटनेनुसार नोटीस देऊन सभा घ्या, नोटीस पोचल्याचा पुरावा ठेवा, इतिवृत्त लिहा. मग उशीर माफ करण्याच्या विनंतीसह बदल अर्ज. मधल्या वर्षांचं लेखापरीक्षण राहिलं असेल तर तेही ओळीनं पूर्ण करा. वकील लागेल. हे कंटाळवाणं काम नाटकवाल्यांना जमत नाही असं म्हणतात, पण ज्यांना तीन पानी स्वगत पाठ होतं त्यांना इतिवृत्त लिहिता येतं.

ना-नफा म्हणून फुकट

नफा न वाटणं आणि मोबदला न देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळ्यांना देता येणार नाही हे समजू शकतं. मग कोणाला आधी द्यायचं? माझ्या मते बॅकस्टेजला. नटाला निदान टाळ्या मिळतात, ओळख मिळते, त्यावर पुढचं काम मिळतं. विंगेत उभं राहून लेव्हल (मंचावरचे चौथरे) सरकवणाऱ्याला यातलं काही मिळत नाही, आणि रात्री बाराला टेम्पोबरोबर तोच जातो. रक्कम लहान असू दे. पण प्रयोग संपल्यावर त्याच रात्री, न मागता, दिली गेली पाहिजे.

लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आपल्याला लागू नाही असं अनेक गट धरून चालतात, कारण 'आमच्याकडे कोणी नोकर नाही'. त्या कायद्यात कर्मचारी या शब्दात बिनपगारी आणि स्वयंसेवक म्हणून काम करणारेही येतात. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर अंतर्गत समिती हवी: अध्यक्ष ज्येष्ठ स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया, आणि बाहेरची एक सदस्य. ती नेमली नाही तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दहापेक्षा कमी असाल तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते; मुंबई शहर आणि उपनगर हे दोन वेगळे जिल्हे आहेत, आपली समिती कोणती ते पाहून ठेवा.

दंड बाजूला ठेवला तरी कारण उरतंच. तालीम रात्री उशिरापर्यंत चालते, स्पर्शाचे प्रसंग असतात, दिग्दर्शक वयानं आणि अधिकारानं मोठा असतो, आणि त्यानंच भूमिका दिलेली असते. नव्या मुलीनं तक्रार कोणाकडे करायची? त्याच्याकडेच? समितीतल्या बाहेरच्या सदस्येचा नंबर तालमीच्या जागी भिंतीवर हवा. जवळिकीचे प्रसंग सगळ्यांसमोर, आधी बोलून, हालचाल ठरवून बसवा आणि ठरलेलं प्रयोगात बदलू नका. तालीम किती वाजता संपणार ती वेळ आधी सांगा आणि पाळा. शेवटची लोकल चुकल्यावर 'थांब ना इथेच' म्हणायची वेळ येऊ देऊ नका.

बंद करायची वेळ आली तर

संस्था कायम चालली पाहिजे असा नियम नाही. रंगायन ही प्रायोगिक नाट्यसंस्था १९६० मध्ये सुरू झाली आणि एका तपाच्या आसपास थांबली, तरी तिचं नाव आजही घेतलं जातं. चूक थांबण्यात नसते, अर्धवट सोडून देण्यात असते. खातं चालू, फाइल धूळ खात, नोंदणी जिवंत आणि नोटिसा जुन्या पत्त्यावर.

सोसायटी विसर्जित करायला किमान तीन-पंचमांश सदस्यांचा ठराव लागतो आणि देणी फिटल्यावर उरलेली मालमत्ता सदस्यांना वाटून घेता येत नाही. ती दुसऱ्या संस्थेकडे जाते. नोंदणीचा शेवट धर्मादाय कार्यालयातून होतो. त्यामुळे ठरावाआधी मालमत्तेची यादी करा: लाइट, डिमर, केबल, लेव्हल, कपडे, पुस्तकं, चित्रीकरणं. यादीत प्रत्येक वस्तूसमोर ती सध्या कोणाच्या घरी आहे तेही लिहा, आणि त्या माणसाची सही घ्या.